आत्याचं वजन आणि चोपन्न पायऱ्या

२०२४ च्या गणपतीत आत्या खाली उतरली नाही. सोसायटीच्या मंडपातली आरती तिने तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून म्हटली. एका हाताने कठडा धरलेला, त्यामुळे टाळ्या नाहीत. मी खाली मंडपात उभी होते. वर बघून हात हलवला आणि तेव्हा हिशोब लागला, की ही बाई डिसेंबरपासून जिना उतरलेलीच नाही. तशी गरजही पडत नव्हती. लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेतो, मेडिकलवाला औषधं वर पोचवतो, भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर येते. डोंबिवलीच्या जुन्या इमारतीत लिफ्ट नाही, पण घराबाहेर न पडता जगायची सगळी सोय आहे.

आत्या ७२ वर्षांची. काकांना जाऊन चार वर्षं झाली, मुलगा बंगळूरला. मी ठाण्याहून दर रविवारी जाते, जमलं तर बुधवारी संध्याकाळीही. नोकरी बँकेतली, वैद्यकातलं शिक्षण शून्य. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे माझ्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती लहान नव्हती.

गौरी विसर्जन झाल्यावरच्या रविवारी, १५ सप्टेंबरला, आम्ही सुरुवात केली. मुलाने ऑनलाइन वजनकाटा पाठवला होता, सोबत अ‍ॅपल सायडर व्हिनेगरची बाटली. (ती बाटली नंतर बेसिनमधले डाग काढायला संपली.) वजन भरलं ७८.४ किलो, उंची १५२ सेंटीमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, जवळपास ३४. आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर १०४ सेंटीमीटर. भारतीय बायकांसाठी ८० ही मर्यादा मानतात. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, एचबीएवनसी, ७.९. थायरॉइडचा टीएसएच ९.८, म्हणजे रोज गोळी घेऊनही वरच्या मर्यादेच्या दुपटीच्या आसपास. उजवा गुडघा दुखरा.

मुलाचं फोनवर एकच पालुपद, "तिला डाएटवर ठेव." मलाही तेव्हा तेच वाटत होतं.

"मी काही खातच नाही"

हे वाक्य प्रत्येक जाड माणूस बोलतो असं म्हणून आपण हसतो. मी हसले नाही, पण विश्वासही ठेवला नाही. तिला म्हटलं, तीन दिवस तोंडात जाईल ते सगळं कालनिर्णयच्या चौकोनात लिही. तिथे ती दुधाचा आणि सिलिंडरचा हिशोब लिहीतच असते. तिने प्रामाणिकपणे लिहिलं. सकाळी चहा आणि चार टोस्ट. साडेनऊला परत चहा. दुपारी भात, पातळ वरण, बटाट्याची भाजी, पोळी एक "वरणात कुस्करून". तीनला चहा-खारी. साडेपाचला चहा. रात्री चहा-बिस्किट किंवा दूधभात. झोपताना केळं.

पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. दहा चमचे म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी फक्त चहाच्या साखरेच्या. पण मला त्या यादीत दुसरंच काहीतरी खुपत होतं आणि काय ते कळायला आठवडा गेला. यादीत चावायचं काहीच नव्हतं. उसळ नाही, कोशिंबीर नाही, भाकरी नाही, पेरूची फोडसुद्धा नाही. आत्या मूळची कराडकडची. ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ हा तिचा जीव की प्राण.

"भाकरी का नाही करत गं?"

"एकटीसाठी कुठे थापत बसू?"

"मग पोळीवाल्या ताईंना सांग ना."

जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कवळी हलते गं. भाकरीचा तुकडा मोडला की खालची उचलते. लोकांसमोर निघाली तर काय?"

दोन वर्षं! दोन वर्षं तिची खालची कवळी सैल होती आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं. दात काढल्यावर हिरडीखालचं हाड हळूहळू झिजतं, त्यामुळे जुनी कवळी सैल होते. ही नवलाची गोष्ट नाही, दंतवैद्याला रोजचीच. पण घरात त्याचा परिणाम असा झाला, की चावावं लागणारं एकेक करून ताटातून गेलं आणि चहात बुडवून खाता येईल किंवा गिळता येईल तेवढं उरलं. असलं मऊ अन्न म्हणजे बहुतेक मैदा, तांदूळ, साखर आणि तूप. ती खादाड झाली म्हणून वजन वाढलं असं आम्ही सगळे मनातल्या मनात धरून बसलो होतो. खरं तर तिला धड जेवताच येत नव्हतं. मी अंदाजाने प्रथिनं मोजली, तर दिवसाला ३५ ग्रॅमच्या आसपास भरली. आहारतज्ज्ञ बाईंनी क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघून, मूत्रपिंडं ठीक आहेत याची खात्री करून घेतली आणि मग ६० चं लक्ष्य दिलं.

त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. "आजींना उपाशी ठेवलं तर वजन उतरेल, पण मांडीचं उतरेल, पोटाचं नाही." साठीनंतर स्नायू आपसूक झिजतात, त्यात नुसतं खाणं तोडलं तर चरबीबरोबर तेही जातात. काट्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

त्यामुळे पहिला खर्च कवळीवर. दंतवैद्यांनी आतून नवा थर देऊन ती बसती केली. त्यासाठी दोनदा खाली उतरावं लागलं. दोन्ही वेळा सोसायटीतल्या दोन मुलांनी तिला खुर्चीत बसवून नेलं आणि आणलं. तिला त्याची इतकी लाज वाटली, की परतल्यावर दार लावून रडली. ती लाज पुढे कामाला आली, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

सात वाजताची मूठ

गोळ्यांचं प्रकरण थोडक्यात सांगते. थायरॉइडची, मधुमेहाची, रक्तदाबाची आणि कॅल्शियमची, अशा सगळ्या गोळ्या ती सकाळी सातला पहिल्या चहाबरोबर एका मुठीत घ्यायची. "एकदाच घेऊन टाकते, म्हणजे विसरायला नको." थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियमची गोळी तर तिच्यापासून चार तास लांब हवी, नाहीतर ती थायरॉइडची गोळी अंगी लागू देत नाही. तिची थायरॉइडची गोळी अशी बरीचशी वाया जात होती. आम्ही ती डबी उशीजवळ ठेवली आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर नेलं. दोन महिन्यांनी टीएसएच ३.६ आला. डोस तोच. थायरॉइड सुधारलं की वजन धबाधब उतरतं हा गैरसमज आहे, त्याने थोडाच फरक पडतो. पण दुपारी सोफ्यावर डोळे मिटून पडून राहणं निम्म्याने कमी झालं.

घटस्थापना

आता माझी चूक.

मी उत्साहात चहातली साखर एका झटक्यात बंद केली, टोस्ट बंद केले. आत्याही जिद्दीला पेटलेली. ३ ऑक्टोबरला घट बसले. ती नवरात्राचे उठता-बसता उपवास धरते, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस. सकाळी तिने नेहमीची मधुमेहाची गोळी घेतली. मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड असलेली. त्यावर बिनसाखरेचा चहा, आणि पूजा आटपेपर्यंत बाकी काही नाही.

साडेअकराला पोळीवाल्या ताईंचा फोन. "ताई, आजींना दरदरून घाम सुटलाय आणि बोलणं बोबडं येतंय." ताई हुशार. मी सांगायच्या आत त्यांनी ग्लुकोमीटर काढला होता. साखर ५४. सत्तरच्या खाली गेली की कमीच म्हणायची. शुद्ध आहे, गिळता येतंय, हे विचारलं आणि तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायला सांगितली. पंधरा मिनिटांनी परत मोजली, ८८. मग डॉक्टरांना फोन. ते म्हणाले की ग्लिमेपिराइडचा असर बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा खाली येऊ शकते. लगेच भगर-आमटी खायला द्या, तासातासाला मोजा, एकटं सोडू नका. मी बँकेतून निघाले. ठाण्याहून डोंबिवली एरवी पंचवीस मिनिटं. त्या दिवशी दिवा स्टेशन येतच नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला सरळ विचारलं, "खाणं कमी केलंत हे मला का नाही सांगितलंत?" उत्तर नव्हतं. ग्लिमेपिराइड शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही खा अथवा न खा. त्यामुळे अशी गोळी चालू असताना ताट हलकं करायचं, तर आधी डॉक्टरांशी बोलायला हवं. मी ताट हलकं केलं आणि गोळी तशीच ठेवली. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड तिथल्या तिथे निम्मी केली, जानेवारीत पूर्ण बंद केली.

चहाची साखर परत आली. तीन चहा, प्रत्येकी अर्धा चमचा. नवमीचा उपवासही झाला, पण डॉक्टरांना विचारून आणि सकाळी आठलाच राजगिऱ्याचं थालीपीठ, दही खाऊन. साबुदाण्यावर तिचा भारी जीव. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचं कूट पडतं म्हणून थोडी तरी प्रथिनं. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवातूनच काढली असणार. आम्ही खिचडी बंद नाही केली, वाटी लहान केली.

ताट

ताटात फार क्रांती झाली नाही. सकाळी मुगाची दोन धिरडी, चटणी. दुपारी घट्ट वरण किंवा कुकरला जास्तीची शिटी दिलेली उसळ, अर्धी-पाऊण भाकरी, पालेभाजी, ताक. भात मुदीएवढा. चारला दूध. काकडीची कोशिंबीर आधी किसून, कवळी नीट बसल्यावर चोचवून. अंडं आत्याच्या स्वयंपाकघरात येणार नव्हतं आणि मी आग्रहही धरला नाही. पनीर आठवड्यातून दोनदा यायचं. त्याला ती "रबर" म्हणते.

रात्रीचं जेवण मात्र सुटत नव्हतं. रांधलेलं असायचं, फ्रिजमध्ये असायचं, पण ती चहा-बिस्किटावरच भागवायची. एका बुधवारी मी उशिरा पोचले, तर टीव्ही चालू आणि ती समोर नुसती बसलेली. ताट का वाढून घेतलं नाहीस विचारलं, तर म्हणाली, "एकटीने ताट घेऊन बसलं की ह्यांची खुर्ची दिसते."

यावर आहारतज्ज्ञाकडे काय औषध असणार? तोडगा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी काढला. त्याही एकट्याच. एकदा उसळीची वाटी द्यायला वर आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, सोमवार, बुधवार, शुक्रवार तुम्ही माझ्याकडे जेवायला या. भाजी तुमची, भाकरी माझी." माझ्या सगळ्या तक्त्यांना जमलं नाही ते या एका वाक्याने जमलं, कारण काकूंकडे जायचं तर अठरा पायऱ्या उतराव्या लागत होत्या.

जिना

फिजिओथेरपिस्ट घरी चार वेळा आल्या. पहिल्या भेटीत त्यांनी एक साधी परीक्षा घेतली. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायचं, बसायचं, तीस सेकंदांत किती वेळा ते मोजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईचा आकडा दहाच्या खाली असेल तर पडण्याचा धोका जास्त समजतात. आत्या पाच वेळा उठली, तीही हातांनी रेटा देऊन. हात लावला की नियमाप्रमाणे गुण शून्य. "शाळेतसुद्धा मला कधी शून्य नाही मिळालं," आत्या म्हणाली. तिचा चेहरा असा काही झाला, की त्या क्षणापासून काट्यापेक्षा ही परीक्षाच घरात महत्त्वाची ठरली.

व्यायाम तीनच. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. आणि खुर्चीतून उठ-बस, संध्याकाळच्या मालिकांच्या प्रत्येक ब्रेकला पाच वेळा. जाहिरातींचा इतका चांगला उपयोग मी तरी दुसरा पाहिलेला नाही. खुर्चीवर आधी दोन उशा ठेवल्या, म्हणजे कमी वाकावं लागेल. पंधरवड्याने एक काढली, दिवाळीनंतर दुसरी.

जिन्याचा मंत्र फिजिओथेरपिस्ट बाईंनी असा शिकवला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. म्हणजे हिचा चढताना डावा, उतरताना उजवा. हात कठड्याला. साडीचा घोळ पायात येऊ नये म्हणून निऱ्या चार बोटं वर. आणि पायात वेल्क्रोचे बूट. यावर मोठं रामायण झालं. "पातळावर बूट? शोभतं का ते?" शेवटी काकूंनीही तसेच घेतले, मग शोभायला लागले.

आत्याच्या इमारतीत प्रत्येक मजल्याला नऊ-नऊ पायऱ्यांचे दोन टप्पे, एकूण चोपन्न पायऱ्या. पहिल्या आठवड्यात फक्त नऊ. तिथे वळणावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. एका सदस्याने रस्ता अडतो म्हणून तक्रार केली आणि ती दोनदा गच्चीत जाऊन पडली. ती दोन्ही वेळा परत आणून ठेवली, आणि तिसऱ्यांदा कोणी हलवली नाही. ऑक्टोबरच्या शेवटी अठरा झाल्या. काकूंच्या दारात पोचल्यावर ती घंटी न वाजवता आधी दोन मिनिटं उभी राहायची, धाप लागलेली दिसू नये म्हणून. कालनिर्णयच्या चौकोनात आता दुधाशेजारी पायऱ्यांचा आकडा येऊ लागला.

बाकरवडी

सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. दिवाळीच्या फराळात ९०० ग्रॅम वाढले. डिसेंबरात एका रविवारी मला डाळीच्या डब्यामागे बाकरवडीचं पाकीट सापडलं आणि मी नको ते बोलले. "एवढा सगळ्यांनी जीव काढायचा आणि तू..." वगैरे. ती काहीच बोलली नाही. सोमवार-मंगळवार फोनही उचलला नाही. बुधवारी गेले तेव्हा म्हणाली, "पन्नास वर्षं घर चालवलं मी. मला चोरून खायची वेळ आणलीस."

त्यानंतर पाकीट ओट्यावर उघड ठेवलं गेलं. रविवारी चार बाकरवड्या, दोघींत मिळून. मी डबे तपासणं सोडलं.

जानेवारीच्या मध्यापासून वजन ७४.२ वर अडकलं आणि पाच आठवडे हललंच नाही. मुलाचा फोन, "भात पूर्ण बंद कर." तो बंद करायचा मोह मलाही झाला. पण त्याच पाच आठवड्यांत खुर्चीची परीक्षा आठवरून दहावर गेली, हात न लावता. काटा थांबला होता, आत्या थांबली नव्हती. भात तसाच ठेवला आणि काटा पलंगाखाली सरकवला. फेब्रुवारीअखेर आकडा आपला आपण हलला.

मार्चच्या शेवटी मोजलं ते असं: वजन ७२.६, म्हणजे साडेसहा महिन्यांत ५.८ किलो कमी. महिन्याला किलोसुद्धा नाही. कंबर ९७. एचबीएवनसी ७.१, तेही ग्लिमेपिराइडशिवाय. खुर्ची ११. बीएमआय अजून ३१ च्या वर आहे, कागदावर ती लठ्ठच आहे. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, की अंगावरचा एक किलो उतरला की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी घटतो. त्या हिशोबाने आत्याच्या गुडघ्यावरून जवळजवळ अर्धी सिमेंटची गोणी उतरली. गुडघा अजून दुखतो. पावसाळ्यात जास्त दुखेल. ऑपरेशनचा विषय डॉक्टरांनी पुढे ढकललाय, सोडलेला नाही.

पाडवा

३० मार्च २०२५, रविवार. फडके रोडवरची पाडव्याची स्वागतयात्रा आत्याने दोन वर्षं टीव्हीवर बघितली होती, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर असून. साडेसहाला मी पोचले तर दाराला कुलूप. पोटात गोळा आला. धावत खाली काकूंकडे, तिथेही कुलूप.

दोघी फाटकाशी उभ्या होत्या. ठेवणीतली पैठणी, नाकात नथ, पायात वेल्क्रोचे बूट. "किती वेळ गं तुझी वाट बघायची? ढोलपथकं निघाली असतील."

यात्रेत तासभर उभी राहिली, मग एका दुकानाच्या पायरीवर बसली. परतताना चोपन्न पायऱ्या चढायला अकरा मिनिटं लागली आणि वळणावरच्या खुर्चीत दोनदा बसावं लागलं. दुसऱ्या वेळी मी हात पुढे केला, तर तिने माझ्या हातात पर्स दिली आणि स्वतः कठडा धरला.

संध्याकाळी निघताना कालनिर्णयकडे नजर गेली. तिच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: "दूध १ लि. उतरले ५४, चढले ५४. श्रीखंड १ वाटी." एकावर काट मारून पुढे "दीड" केलेलं होतं.